जावयाची शिट्टी

नाचणगावात रेफरी टिकत नसे. खेळाडू टिकत, गोलपोस्ट टिकत, एका वर्षी वावटळ आली तर स्पर्धेचा मांडवसुद्धा टिकला. पण रेफरीचं काही खरं नसायचं. पुलगावला खेटून असलेलं हे गाव. दिवाळीनंतर कापूस घरात येऊन पडला, की इथं फुटबॉलची स्पर्धा भरायची आणि अंतिम सामना बहुतेक वेळा नाचणगाव विरुद्ध पुलगाव असाच व्हायचा. म्हणजे भाऊबंदकीच म्हणा ना. एका रेफरीला लोकांनी कापसाच्या बैलबंडीत दडवून पुलगाव स्टेशनावर पोचवलं होतं. तिथं समोर जी मालगाडी दिसली तिच्यात तो चढला. ती नागपूरकडे जाते की भुसावळकडे, हे विचारायच्या भानगडीत पडला नाही. दुसरा शिट्टी तोंडात धरूनच पळाला, त्यामुळे तो कुठवर पोचला हे गावाला बराच वेळ ऐकू येत होतं.

शेवटी असं झालं, की बाहेरचा कुणी यायलाच तयार होईना. स्पर्धा समितीचे अध्यक्ष रूपराव मोठे डोकेबाज गृहस्थ. त्यांनी बैठकीत विचारलं, "मले एक सांगा, या गावात असा कोन मानूस आहे, ज्याले कोनी आईवरून शिवी नाई देऊ शकत?"

महाराजांचं नाव निघालं, मास्तरांचं निघालं. दोन्ही नावांवर लोक हसले. मग रूपरावांनी स्वतःच उत्तर दिलं, "जावई!"

आता हे आमच्याकडचं शास्त्र ज्याला ठाऊक नाही, त्याला समजावून सांगायला हवं. आमच्या भागात माणूस शेताच्या धुऱ्यासाठी, म्हणजे बांधासाठी, सख्ख्या भावाचं डोकं फोडील, बापाला उलटून बोलेल. पण जावयापुढं त्याचा आवाज चढायचा नाही. जावयानं मीठ जास्त झालेली भाजी पुढं सारली, तर चूक भाजीची, मिठाची, झालंच तर मीठ विकणाऱ्याची. जावयाच्या जिभेची कधीच नाही. शिवाय एका घरचा जावई म्हणजे अख्ख्या गावाचा जावई. आणि नाचणगाव-पुलगावच्या भिंतीला भिंत लागलेली, म्हणून तो पुलगावचाही.

सदाशिवराव किराणावाल्यांचा जावई प्रफुल हा पिपरी मेघ्याला मोटारपंपाचं दुकान चालवायचा आणि नागपूरला जाऊन रेफरीची परीक्षा पास झाला होता. रूपरावांनी त्याच्या हातावर नारळ ठेवला आणि स्पर्धेचा प्रश्न सुटला. सामन्याआधी मैदानाच्या मधोमध प्रफुलला कुंकू लावायचे, टोपी-दुपट्टा द्यायचे, आणि नाणं उडवायच्या आधी दोन्ही संघांचे कप्तान त्याच्या पाया पडायचे. जगात इतका मान कुठल्या रेफरीला मिळाला असेल, असं मला वाटत नाही.

पण प्रफुल त्या मानाला कंटाळला होता. मनापासून कंटाळला होता. माणूस अभ्यासू होता हो! नियमांचं पुस्तक त्यानं आजारी माणसानं पथ्य पाळावं तसं वाचलं होतं. त्यातही त्याचा जीव एका नियमावर. समोरच्याला गोल करायची उघड संधी असताना जो फाउल करून ती हिरावतो, त्याला लाल कार्ड दाखवून बाहेर काढायचं. हा नियम नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कडक झाला. गावोगावच्या लोकांनी त्याचा आपापल्या सोयीनं अर्थ लावला, की शेवटच्या माणसानं पाडलं म्हणजे लाल. प्रफुल म्हणायचा, पुस्तकात शेवटचा माणूस कुठंच नाही. रेफरीनं स्वतःला चार प्रश्न विचारायचे. गोल किती लांब? खेळ गोलकडेच चालला होता का? बॉल त्याच्या ताब्यात होता, किंवा आला असता का? आणि मधे बचावाचे गडी किती, कुठं? चारही उत्तरं हो म्हणत असतील तरच लाल. एकानं मान हलवली, की पिवळं.

हे चार प्रश्न त्याच्या इतके अंगवळणी पडले होते, की बसस्टँडवर धावणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघूनही तो बायकोला सांगायचा, "याले सीटची उघड संधी नाई. अंतर आहे, दिशा आहे, पन ताबा नाई." त्याची बायको रीता कपाळाला हात लावायची.

तर असा हा मनुष्य, आणि त्याच्या निर्णयावर नाचणगावात कुणी चकार शब्द काढत नव्हतं. त्यानं ऑफसाइड दिला, तर माना डोलायच्या. पेनल्टी दिली, तर पुन्हा माना डोलायच्या. आपण बरोबर असतो म्हणून डोलतात, की सदाशिवरावांची मुलगी आपल्याला दिली म्हणून डोलतात, हे त्याला कळेना. एकदा, फक्त एकदा, लोकांनी आपल्याला रेफरी म्हणावं, एवढीच त्याची इच्छा होती. "अरे, मानसानं मानसाशी भांडावं तरी," तो रीताला म्हणाला होता. "मी काय देव्हाऱ्यातला बाळकृष्ण आहो?"

दोन हजार चार सालचा अंतिम सामना. पुन्हा नाचणगाव आणि पुलगाव. मांडवाखाली पहिल्या खुर्चीवर सदाशिवराव, पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर उपरणं. नाचणगावच्या बचावात त्यांचा मुलगा धर्मेंद्र, म्हणजे प्रफुलचा सख्खा साला. हा योग आधीच्या वर्षांत आला नव्हता. धर्मेंद्र त्याच वर्षी संघात घुसला होता. पण कुणी हरकत घेतली नाही. जावयावर हरकत कोण घेणार?

पहिल्या अर्ध्यात नाचणगावचा अकरा नंबर मधूनच बॉल घेऊन सुटला. गोलपुढच्या डीच्या दारात पुलगावच्या चंदननं त्याचा शर्ट मागून मुठीत धरला आणि दोघंही आडवे झाले. प्रफुल त्यांच्या बरोबर पाठीमागून धावत होता. शिट्टी. गोल जवळ, तोंड गोलकडे, बॉल पायात, पुढं फक्त गोली. चारही प्रश्नांना हो. त्यानं लाल कार्ड काढलं.

चंदन चांगला उंच, धिप्पाड गडी. तो उठला, प्रफुलकडे पाहिलं, तोंड उघडलं. मग त्याची नजर प्रफुलच्या कपाळावरच्या कुंकवावर गेली आणि त्यानं तोंड मिटलं. "ठीक आहे जावईबापू," एवढं म्हणून तो मैदानाबाहेर चालता झाला. पुलगावच्या हजारभर माणसांनी दात-ओठ खाल्ले आणि शिव्या गिळल्या. त्याच फ्री किकवर नाचणगावचा गोल झाला.

दुसऱ्या अर्ध्यात पुलगावची दहा माणसं चवताळून खेळली. सामना संपायला थोडा वेळ उरला असताना त्यांचा नऊ नंबर उजव्या बाजूनं निसटला. समोर एकटा धर्मेंद्र. नऊ नंबरनं बॉल त्याच्या एका बाजूनं पुढं हाणला आणि स्वतः दुसऱ्या बाजूनं निघाला. धर्मेंद्रनं सरळ पाय घातला. नऊ नंबर दोन कोलांट्या खाऊन पडला.

शिट्टी वाजली आणि अख्खं मैदान प्रफुलकडे बघू लागलं.

शेवटचा माणूस! शाळेतल्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं लालच सांगितलं असतं. धर्मेंद्रनं तर कार्ड निघायचीही वाट पाहिली नाही, तो मान खाली घालून बाहेर चालू लागला. तेवढ्यात मांडवाखाली सदाशिवराव उभे राहिले. आयुष्यात गिऱ्हाइकाशी आवाज न चढवलेला हा माणूस, पण त्या दिवशी खणखणीत ओरडला, "दाखवा लाल, जावईबापू! पोट्टा माहा आहे म्हनून मुलाहिजा ठेवू नका!"

पुलगावकरांनी टाळ्या वाजवल्या. पुलगावकरांनी, नाचणगावच्या किराणावाल्यासाठी! कुणीतरी ओरडलं, "याले म्हनते रेफरी! साल्यालेही सोडत नाई!"

प्रफुलला इतकी वर्षं जे ऐकायचं होतं, ते हेच. हात खिशात घालायचा, लाल कार्ड वर धरायचं, आणि नाव होऊन जाणार. लोक नातवंडांना सांगतील. सासऱ्याची मान वर, गावाची मान वर, रेफरीची सगळ्यांत वर. त्याचा हात खिशापर्यंत गेलाही.

पण मेलं ते डोकं! डोकं प्रश्न विचारायला लागलं. गोल किती लांब? फार नाही. खेळ कुठं चालला होता? आणि इथं प्रफुल अडकला. या खेपेला तो अगदी बाजूला होता आणि त्यानं बॉल नीट पाहिला होता. बॉल गोलकडे गेलाच नव्हता. नऊ नंबरनं घाईत तो असा हाणला होता, की तो थेट कॉर्नरच्या झेंड्याकडे सुटला आणि पडलेला माणूस उठून बसायच्या आत रेषेपार गेला. त्याला कुणी पाडलं नसतं तरी तो पोचला नसता. दिशा नाही, ताबा नाही. म्हणजे संधी उघड नाही. म्हणजे पिवळं.

प्रफुलला आपलं पुढचं सगळं आयुष्य दिसलं. साल्याला वाचवणारा भाऊजी. त्याला अक्षरशः रडू यायचं बाकी राहिलं. मग त्यानं धर्मेंद्रला हाक मारून परत बोलावलं आणि पिवळं कार्ड दाखवलं.

क्षणभर लोकांना वाटलं, चुकून दुसरं निघालं, आता बदलेल. बदललं नाही. तेव्हा पुलगावच्या बाजूनं एक खर्जातला आवाज आला, "जावई असशीन तू तुह्या सासऱ्याचा!"

बस. इतक्या वर्षांचा बांध फुटला. आईवरून, बहिणीवरून, मोटारपंपावरून, ज्याला जी सुचेल ती. संत्र्याच्या साली आल्या, एक चप्पल आली, तिची जोडीदारीणही आली. फ्री किक भिंतीला लागून गेली, सामना एक-शून्य संपला, आणि रूपरावांनी कप घाईघाईत, एखादी चोरीची वस्तू द्यावी तसा नाचणगावच्या कप्तानाच्या हातात कोंबला. प्रफुलला मांडवाच्या मागून काढून सासरी पोचवलं.

सासरी तर त्याहून वाईट. तिथं कुणी काही बोललंच नाही. सासूबाई शोभाबाईंनी पाटोड्यांची भाजी केली होती, ती त्यांनी वाढली, आग्रह केला, "घ्या नं जावईबापू, काऊन थोडंच घेतलं?" सदाशिवरावांनीही दारातून विचारलं, "पानी गरम लागन का आंघोळीले?" आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. धर्मेंद्र तोंड फिरवून बाहेर गेला.

"बाबा जेवले नाई," रीता हळूच म्हणाली. "म्हनते, सदाशिवच्या घरानं कप चोरला असं लोक म्हनतीन."

"मग मले बोलत काऊन नाई?"

"तुम्हाले कसे बोलतीन?"

प्रफुलनं पानावर पाणी सोडलं. शिव्या खाल्ल्या त्या एक वेळ पचल्या असत्या, पण हा पाटोड्यांचा आग्रह त्याच्या घशाखाली उतरेना.

सकाळी तो सासऱ्यांपुढं जाऊन उभा राहिला. "मामाजी, चला मैदानावर. बॉल घेतला आहे."

जावयाला नाही म्हणता येत नाही, म्हणून सदाशिवराव निघाले. हे दोघं एकमेकांशी न बोलता भांडतील, या काळजीनं शोभाबाई निघाल्या. त्यांच्यामागून रीता, आणि सगळ्यांत शेवटी, फुरंगटलेला धर्मेंद्र. मैदानात साली तशाच पडल्या होत्या आणि धर्मेंद्रच्या पायानं उपटलेलं ढेकूळही होतं तिथंच होतं.

"इथून बॉल गेला," प्रफुल म्हणाला. "धर्मेंद्र, तू मार, काल त्यानं मारला तसा. मामाजी, तुम्ही नऊ नंबर. तुम्हाले कोनी पाडनार नाई. फक्त बॉल गाठा."

सदाशिवराव एके काळी पुलगावात विंगला खेळलेले. अंगात अजून थोडी रग होती. त्यांनी उपरणं रीताकडे दिलं, धोतराचा काचा मारला. शोभाबाई कुणी न सांगता पदर खोचून गोलमधे जाऊन उभ्या राहिल्या. धर्मेंद्रनं बॉल हाणला. सदाशिवराव सुटले. बॉल झेंड्याजवळून रेषेपार गेला तेव्हा सदाशिवराव बरेच मागं होते.

"पुन्हा," ते म्हणाले.

पुन्हा तेच. मग प्रफुलनं धर्मेंद्रलाच पळायला लावलं आणि बॉल स्वतः मारला. धर्मेंद्र गावातला सगळ्यांत वेगवान पोरगा, तोही पोचला नाही. सदाशिवराव गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि अचानक ते तिथूनच ओरडले, "अबे प्रफुल, लबाडा! जोरात मारला तू! काल एवढा जोरात नव्हता!"

शोभाबाईंनी गोलमधूनच जीभ चावली. रीतानं उपरणं तोंडावर धरलं. अबे! जावयाला!

प्रफुलच्या मात्र अंगावर मूठभर मांस चढलं. "तेवढाच होता मामाजी! मी बाजूलेच होतो!"

"काय बाजूले होता! मी खुर्चीवरून पाह्यलं!"

"खुर्चीवरून वेग दिसते का?"

"तुह्यापेक्षा बरा दिसते!"

आणि दोघं भांडले. काय सुंदर भांडले! वारा कुठून होता इथपासून हवा किती भरली होती इथपर्यंत. सदाशिवरावांनी स्वतः एकदा मारून पाहिला, शोभाबाईंनी त्यावर "एवढाच होता काल, जावईबापू बरोबर म्हनते," असा निकाल दिला, आणि सदाशिवरावांनी शेवटी हात झटकले. "बरं, पिवळं. पिवळंच होतं. झालं समाधान?"

"झालं," प्रफुल म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं.

"झालं काय? अन् ते पहिलं? चंदनचं लाल? ते तर सरळ चुकलं तुह्यं."

प्रफुलचं हसू थांबलं.

सदाशिवराव आता गड्यासारखे मोकळे झाले होते. ते डीच्या दारात जाऊन उभे राहिले. "इथं पोट्टा. इथं मागं चंदन. तू चंदनच्याही मागं. अन् पुलगावचा तो दुसरा बॅक, लुकडा, तो या अंगानं आतून येऊन राह्यलता. दोन ढांगांत आडवा आला असता. तुले तो दिसलाच नाई, चंदनच्या पाठीनं झाकला. मले खुर्चीवरून साफ दिसला. लाइनवर जो झेंडा धरून उभा होता, त्यालेही दिसला. काल सांगत होता मले."

प्रफुलनं डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. मूठ आठवली, ताणलेला शर्ट आठवला. लुकडा आठवेना. पण शिट्टीनंतर सगळे गोळा झाले तेव्हा सगळ्यांत आधी त्या पडलेल्या पोराजवळ कोण वाकलं होतं? तोच. तो लांबून आला असता तर इतक्या लवकर कसा पोचला असता? चौथ्या प्रश्नाचं उत्तर नाही होतं.

"मग त्यानं झेंडा काऊन नाई उचलला?" त्यानं विचारलं. "तुम्ही काऊन नाई ओरडले? चंदन का नाई बोलला?"

सदाशिवरावांनी त्याच्याकडे नवल वाटून पाहिलं. "जावयाले कोन बोलते, बाप्पा?"

प्रफुल तिथंच गवतात बसला. ज्या निर्णयापायी चपला खाल्ल्या तो बरोबर होता. ज्याच्यावर कुणी ब्र काढला नाही तो चुकला होता, आणि सामना त्याच्यावरच गेला होता. कपाळावर कालच्या कुंकवाची खूण असेल, असं वाटून त्यानं ते हातानं खसाखसा पुसलं. मग उठला आणि सासऱ्यांची स्कूटर मागून घेतली.

"कुठं?" रीतानं विचारलं.

"पुलगाव."

"मारतीन तुम्हाले!"

"जेवाले थांबजो आमच्यासाठी," सदाशिवराव धर्मेंद्रला म्हणाले आणि स्वतःच स्कूटरच्या मागं बसले. "मी जातो याच्यासंगं."

चंदन घरापुढं कापसाचं पोतं भरत होता. प्रफुलला पाहून तो उभा राहिला. त्याच्या आईनं, देवकाबाईंनी, आतून लगबगीनं खुर्ची आणली. "या, या जावईबापू, बसा."

प्रफुल बसला नाही. "चंदन, तुह्यं लाल चुकलं. तुमचा दुसरा बॅक मले दिसला नाई. पिवळं होतं. तू मैदानात असता, तर काय झालं असतं देव जाने. मी चुकलो."

चंदन पोतं हातात धरूनच पुढं आला. "मग फायनल पुन्हा खेळवान?"

"नाई. निकाल बदलत नाई. मले फक्त तुले सांगाचं होतं."

चंदनच्या हातातलं पोतं खाली पडलं. त्याचा चेहरा आधी रडवेला झाला, मग तापला. काल कुंकू पाहून जे त्यानं गिळलं होतं ते सगळं वर आलं. सुरुवात त्यानं प्रफुलच्या डोळ्यांपासून केली, मग त्याच्या परीक्षेवर गेला, परीक्षा घेणाऱ्यांवर गेला, आणि तिथून खानदानात शिरला. शेजारची माणसं दारात आली. सदाशिवराव स्कूटरजवळ मान खाली घालून उभे होते.

देवकाबाई घाबऱ्याघुबऱ्या मधे धावल्या. "अबे, चूप बस! जावई आहे तो गावचा!"

"बोलू द्या, मावशी," प्रफुल म्हणाला. "तो रेफरीशी बोलून राह्यला."

चंदनचं अजून बरंच बोलायचं बाकी होतं. प्रफुल हात बांधून उभा राहिला आणि ऐकू लागला.